पाच सेंटिमीटरचा पायंडा

मी पॅथॉलॉजीत उमेदवारी करत होते तेव्हा मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या काळ्या कर्करोगाचा, नमुना बशीएवढा यायचा. मधे छोटासा काळा डाग, भोवती पाच-पाच सेंटिमीटर धडधाकट कातडी. जखम झाकायला मांडीची त्वचा लावावी लागे. एवढं का कापता, असं विचारलं की सर्जन म्हणत, "पद्धतच आहे."

ही पद्धत लंडनची. या काळ्या गाठींना फ्रान्समध्ये डॉक्टर लाएनेकने 1806 मध्येच नाव दिलं होतं. 1820 मध्ये इंग्लंडमधल्या स्टाउरब्रिजच्या विल्यम नॉरिस या डॉक्टरने रुग्णाचे वडीलही अशाच आजाराने गेल्याचं आणि घराण्यात तीळ फार असल्याचं टिपून ठेवलं. आनुवंशिकतेचा माग इतक्या लवकर काढणाऱ्या या माणसाचं नाव आज कुणी घेत नाही. नाव झालं लंडनचे सर्जन सॅम्पसन हँडलींचं. गाठीभोवतीची इंचभर कातडी आणि त्याहून रुंद, दोन इंच चरबी काढा, असं त्यांनी 1907 मध्ये सांगितलं. आधार काय, तर एका रुग्णाचं शवविच्छेदन. एकाच! त्यावरून पुढे पाच सेंटिमीटरचा पायंडा पडला आणि पन्नासेक वर्षं कुणी हू की चू केलं नाही.

तो पायंडा मोडायला सुरुवात झाली मायक्रोस्कोपच्या आयपीसमधल्या मोजपट्टीने. वॉशिंग्टनचे पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लोंनी 1970 मध्ये 98 रुग्णांच्या गाठींची जाडी मोजली. 0.76 मिलिमीटरपेक्षा पातळ गाठी पाच वर्षांत उलटल्या नव्हत्या. मोजायचं त्वचेच्या दाणेदार थरापासून गाठीच्या सर्वांत खोल पेशीपर्यंत. व्रण असेल तर त्याच्या तळापासून. सेक्शन, म्हणजे काप, तिरका गेला की आकडा फुगतो, मग मेणात बसवलेला ब्लॉक पुन्हा नीट बसवून घ्यायचा. टेक्निशियन वैतागायचे, पण मी ऐकायची नाही. कर्करोगाच्या पेशी त्वचेच्या वरच्या थरातच असल्या तर मोजायला काही नसतंच. तो 'इन सिटू'. त्याला अर्धा ते एक सेंटिमीटर मार्जिन, म्हणजे भोवतीची धडधाकट कातडी, बहुधा पुरतं. 1988 मध्ये मिलानचे सर्जन वेरोनेसींनी दाखवलं, की दोन मिलिमीटरपर्यंत जाडीच्या गाठीला एक सेंटिमीटर मार्जिन ठेवलं काय नि तीन ठेवलं काय, रुग्ण तितकेच जगतात.

आपल्याकडे अडचण वेगळी. गोऱ्यांचा मेलानोमा बहुधा उन्हाने भाजलेल्या अंगावर. आपला बऱ्याचदा तळपायावर नाहीतर नखाखाली. तिथे कुरूप समजून लोक ब्लेड चालवतात, बिब्याचा चटका देतात. नमुना आमच्याकडे येतो तोवर गाठ कित्येक मिलिमीटर खोल गेलेली असते. तळपायावर काळा डाग वाढताना दिसला तर बिबा लावू नका, बायोप्सी करून घ्या.