'टेक्नो' : एका संज्ञेचा इतिहास

शब्दाची व्युत्पत्ती सांगितली म्हणजे त्याचा इतिहास सांगून होतो, असे नाही. व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते. त्यावर कोणी, कोणत्या गरजेपोटी हक्क सांगितला, हे सांगत नाही. संगीतातील 'टेक्नो' ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

तिचे मूळ ग्रीक 'टेख्ने' या शब्दात आहे. सुतार या अर्थाच्या ग्रीक 'टेक्टोन'शी आणि संस्कृत 'तक्षन्'शी त्याचे नाते मानले जाते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात 'टेख्ने' म्हणजे विवेकपूर्वक निर्मिती करण्याची क्षमता. कलावंत आणि कारागीर हा आधुनिक भेद तीत नाही. योहान बेकमान यांनी १७७७ साली 'टेक्नॉलॉजी' या संज्ञेखाली उद्योगधंद्यांचे ज्ञान सूत्रबद्ध केले. पुढे कारखानदारीच्या युगात कसब हातातून यंत्राकडे गेले आणि शब्दाचा अर्थही त्याच्यामागून गेला.

मोटारींचे शहर डेट्रॉइट हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. १९५० साली तेथील लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख होती. १९९० पर्यंत ती सव्वादहा लाखांवर आली. याच शहराच्या परिसरात ह्वान ॲटकिन्स या कृष्णवर्णीय तरुणाने ॲल्विन टॉफ्लर यांच्या 'द थर्ड वेव्ह' (१९८०) या ग्रंथातील 'टेक्नो-रेबेल्स' ही कल्पना आपलीशी केली. टॉफ्लर यांचे हे बंडखोर यंत्राचे शत्रू नव्हेत. यंत्रावरील मूठभरांची सत्ता त्यांना अमान्य आहे. १९८४ साली ॲटकिन्स यांच्या 'सायबोट्रॉन' या गटाची 'टेक्नो सिटी' ही रचना आली. १९८८ साली ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या रचनांचा संग्रह निघाला. त्याच्या शीर्षकात शिकागोचे 'हाउस' हे नाव योजले होते. ॲटकिन्स यांच्या 'टेक्नो म्युझिक' या रचनेमुळे तेथे 'टेक्नो' आले.

हा शब्दाचा पहिला वापर नव्हे. जपानमध्ये 'टेक्नोपॉप' १९७०च्या दशकाअखेरीस रूढ होत होते. फ्रँकफुर्टमध्येही १९८०च्या दशकारंभी इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी 'टेक्नो' वापरात होते. परंतु तेथे ते प्रामुख्याने वर्णन होते. डेट्रॉइटमध्ये ती भूमिका झाली. ज्या यंत्राने श्रमिकाचे हात रिकामे केले, त्याच यंत्रावर हात ठेवून निर्मिती करणे, हा तिचा आशय. 'टेख्ने'चा हरवलेला अर्थ येथे नकळत परतला.

२०२४ साली बर्लिनची टेक्नो-संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत समाविष्ट झाली. ती नोंद बर्लिनची आहे. संज्ञेचा आशय मात्र डेट्रॉइटला वगळून सांगता येत नाही.