अणुत्रिज्या व आयनत्रिज्या
अणूला निश्चित कडा नसते. केंद्राभोवतीचा इलेक्ट्रॉन मेघ बाहेरच्या दिशेने विरळ होत जातो. म्हणून लगतच्या दोन अणूंच्या केंद्रांतील अंतर मोजून व ते त्यांच्यात वाटून त्रिज्या ठरविली जाते. ही वाटणी कशी करावी, हाच या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

लोथार मायर यांनी १८७० मध्ये मूलद्रव्यांची अणुघनफळे अणुभारांच्या क्रमाने आलेखात मांडली. त्यात सोडियम, पोटॅशियम इ. अल्कली धातू शिखरांवर आले. आवर्त सारणीत एका आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना केंद्राचा परिणामी विद्युत् भार वाढून इलेक्ट्रॉन आत ओढले जातात व अणू सामान्यतः लहान होतो. उभ्या गणात खाली जाताना नवे कवच वाढल्याने तो मोठा होतो. या आवर्तितेचा हा खुलासा इलेक्ट्रॉन-कवचांच्या कल्पनेनंतर मिळाला.

क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांतील अंतरे मोजता येऊ लागल्यावर डब्ल्यू. एल. ब्रॅग यांनी १९२० मध्ये त्रिज्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात धातूंना मोठा व ऑक्सिजन, फ्ल्युओरीन यांना लहान वाटा मिळाला होता. १९२३ मध्ये वासास्टिएर्ना यांनी प्रकाशाच्या प्रणमनावरून ही वाटणी उलटविली. त्यांच्या मते फ्ल्युओराइड आयनाची त्रिज्या १·३३ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = १०⁻⁸ सेंमी.) होती. या मूल्यांच्या आधारे व्ही. एम्. गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्ये विस्तृत कोष्टक तयार केले. आकारमान व विद्युत् भार जवळपास समान असलेले आयन स्फटिकात एकमेकांची जागा घेऊ शकतात, हे त्यांनी दाखविले. आर्. डी. शॅनन यांची १९७६ मधील मूल्ये आजही प्रमाण मानली जातात.

या नियमाचे महत्त्व मराठवाड्यात प्रत्ययास येते. कंधार, देगलूर, किनवट इ. तालुक्यांच्या नांदेड जिल्ह्यात दख्खनचा बेसाल्ट व प्राचीन ग्रॅनाइट असे दोन्ही खडक आहेत. फ्ल्युओराइड (१·३३) व हायड्रॉक्सिल (१·३७) यांचा भार एकच व आकार जवळपास सारखा असल्याने ग्रॅनाइटातील कृष्णाभ्रक, ॲपेटाइट इ. खनिजांत फ्ल्युओराइड हायड्रॉक्सिलाच्या जागी बसते व खडक झिजताना भूजलात उतरते. किनवट परिसरातील काही विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात ते लिटरला १·५ मिग्रॅ. या कमाल अनुज्ञेय मर्यादेहून अधिक आढळले आहे. दात व हाडे यांतील खनिजही ॲपेटाइट वर्गातील असल्याने तेथेही हीच अदलाबदल होते. असे पाणी दीर्घकाळ प्यायल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे, सांधे ताठरतात. पाणी उकळून फ्ल्युओराइड जात नाही. ते तुरटी व चुन्याच्या नालगोंडा पद्धतीने किंवा सक्रियित ॲल्युमिनाने काढावे लागते.