जेऊरचा घाट, सीनेचा पूर आणि निजामशाहीची राजधानी

नगर शहराचा स्थापना दिन २८ मे रोजी साजरा होतो आणि वर्ष १४९० धरले जाते. ती तारीख लढाईची आहे, पायाभरणीची नाही. त्या दिवशी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने बहमनी सरदार जहांगीरखान याचा भिंगारजवळ पराभव केला. शहराचा पाया पडला तो, फिरिश्ताच्या हिशेबाने, हिजरी ९०० साली, म्हणजे १४९४च्या ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षभरात. मधली चार वर्षे आपण सहज गाळून टाकतो. राजधानी जुन्नर सोडून सीनेच्या काठावर का आली, याचे उत्तर मात्र त्याच चार वर्षांत आहे.

या काळासाठी मुख्य आधार दोन फारसी इतिहासांचा. पहिला मुहम्मद कासिम फिरिश्ता याचा. त्याचे वडील राजपुत्र मीरान हुसेनला फारसी शिकवायला नगरच्या दरबारात आले आणि फिरिश्ता इथेच वाढला. १५८८मध्ये मीरान हुसेनने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा फिरिश्ता मुर्तजा निजामशहाच्या पहाऱ्यावर होता. पुढे तो विजापूरला गेला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने आपला ग्रंथ इब्राहिम आदिलशहासाठी लिहिला. दुसरा आधार सय्यद अली तबातबा याच्या ‘बुर्हान-ए-मआसिर’चा. दुसऱ्या बुर्हान निजामशहाच्या आश्रयाने लिहिलेला हा इतिहास १५९६मध्ये मोगलांशी झालेल्या तहापाशी थांबतो. एक नगर सोडून गेलेला, दुसरा नगरच्याच राजाचे मीठ खाणारा. दोघांचे बोलणे जुळते तिथे पाय घट्ट रोवता येतो. जुळत नाही तिथे कोण कोणासाठी लिहीत होता, हे आधी पाहावे लागते.

नगरच्या पूर्वेला आणि ईशान्येला डोंगर आहेत. सह्याद्रीची हरिश्चंद्र रांग पूर्वेकडे उतरत जाते आणि पुढे तिला बालाघाट म्हणतात. तिचेच हे फाटे. जेऊरचा घाट, डोंगरगणची दरी, मांजरसुंब्याचा गड आणि शहा डोंगर ही ठिकाणे याच भागात येतात. सीनेचा एक उगम पश्चिमेला जामगावकडे आणि दुसरा ईशान्येला जेऊरकडे. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढ्या पावसावर गाव सुखाने जगते, राजधानी जगत नाही.

१४९०च्या लढाईचे फिरिश्ताने केलेले वर्णन मी नकाशा समोर ठेवून वाचतो, कारण त्यातली प्रत्येक हालचाल डोंगराला धरून आहे. जहांगीरखान तिसगावच्या बाजूने घाट उतरून भिंगारला आला. मलिक अहमद जेऊरच्या घाटात होता. मधले अंतर आणि तोंडावर आलेला पावसाळा पाहून खानाला निर्धास्त वाटले आणि छावणी ढिली पडली. अहमदचे लोक घाटातून रातोरात निघाले आणि उजाडायच्या सुमारास छावणीवर तुटून पडले. झोपेतल्या फौजेला घोड्यावर बसायलाही फुरसत मिळाली नाही, खान मारला गेला. जिथे विजय मिळाला तिथे अहमदने बाग लावली आणि वाडा बांधला. तोच बाग-ए-निजाम, पुढे तिथेच किल्ला उभा राहिला. लढाईलाही ‘बागेची लढाई’ हेच नाव चिकटले.

म्हणजे १४९०मध्ये इथे एक बाग होती. राजधानी जुन्नरलाच होती आणि ती सोडण्यासारखे तिच्यात काही उणे नव्हते. शिवनेरी डोक्यावर होता, नाणेघाटातून कोकणात उतरणारी वाट हाताशी होती. अहमदला सलत होती ती देवगिरी, म्हणजे दौलताबाद. तो किल्ला मलिक वजीह आणि मलिक अशरफ या दोन भावांकडे होता. वजीहला अहमदची बहीण दिलेली होती. अशरफने सख्ख्या भावाचा खून केला आणि अहमदने दौलताबादवर फौज नेली. किल्ला बळाने पडेना. तेव्हा त्याने हिशेब बदलला, असे फिरिश्ता लिहितो. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्ये ठाणे करायचे, पिके कापणीला आली की दरवर्षी तिथून फौज पाठवायची आणि दौलताबादच्या भोवतालचा मुलूख उजाड करायचा, म्हणजे किल्ला उपासमारीने हाती येईल. या मधल्या जागेची निवड करताना त्याला आपली बाग आठवली असणार.

नगर बांधायचा मूळ हेतू हा होता, आणि तो मऊ शब्दांत सांगू नये असे मला वाटते. ज्या रयतेची उभी पिके वर्षानुवर्षे लुटली गेली, तिच्या हातचा एकही कागद या प्रकरणात पुढे येत नाही. १४९९मध्ये दौलताबाद अहमदच्या हाती आले. दोन वर्षांत नगर बगदाद आणि कैरोच्या तोडीचे झाले, हे फिरिश्ताचे वाक्य नगरबद्दलच्या प्रत्येक लेखात येते. ते लिहिले गेले शहराच्या जन्मानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आणि तेही विजापुरात. वैभवाची आठवण म्हणून ते मोलाचे आहे, दोन वर्षांच्या बांधकामाचा पुरावा म्हणून नाही. पहिला किल्ला मातीचाच होता. दगडी तट हुसेन निजामशहाने १५६०च्या आसपास चढवला.

तो दगडी तट का लागला, हे त्या काळच्या स्वाऱ्यांवरून कळते. विजयनगरचा रामराय, अली आदिलशहा आणि कुतुबशहा यांच्या फौजा या काळात नगरवर चालून आल्या. १५६२च्या स्वारीत शत्रूचा तळ सीनेच्या पात्राला लागून होता. एका रात्री वर डोंगरात पाऊस झाला, नदी फुगली आणि तळावरची माणसे, घोडे, हत्ती वाहून गेले. फिरिश्ता मोठमोठे आकडे देतो. मी ते इथे उतरवत नाही, कारण बुडालेले हत्ती त्या रात्री कोणी मोजले नव्हते. पण पुराची गोष्ट खोटी ठरवायला काही कारण दिसत नाही. उन्हाळ्यात सीनेचे पात्र पाहिलेला परका माणूस इथे पूर येतो यावर विश्वास ठेवणार नाही. तिचे पाणी शहरावर पडणाऱ्या पावसाचे नसते. ते वरच्या उतारांवरून एकदम खाली येते. आकाश कोरडे असताना नदी भरते, हे नगरकरांना ठाऊक होते, तुंगभद्रेकडून आलेल्या फौजेला नसावे. वेढा उठला. तीन वर्षांनी, जानेवारी १५६५मध्ये, हाच हुसेनशहा तालिकोटच्या लढाईत रामरायासमोर उभा होता. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी या कवीने रचलेल्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. नगरच्या दरबारातून उरलेल्या अगदी थोड्या चित्रांत तिची गणना होते.

धातूवर कोरलेला एक दस्तऐवज शहराबाहेर आहे. विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान तोफ नगरला ओतली गेली. तिच्यावरचा लेख ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी आणि वर्ष हिजरी ९५६, म्हणजे १५४९, असे सांगतो. त्याच तोफेवर औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर आपलाही लेख कोरवला. पन्नास टनांच्या घरातला हा धातूचा नळा ओतायला भट्ट्या, कोळसा, कारागीर आणि पाणी एका ठिकाणी लागते. पहिल्या बुर्हान निजामशहाच्या अखेरीस नगर कोणत्या थराला पोचले होते, याची ही साक्ष मला बगदाद-कैरोच्या वाक्यापेक्षा भरवशाची वाटते.

राहिला पाण्याचा प्रश्न. इतिहासकारांनी राजांच्या लढाया पानोपानी लिहिल्या, नळांसाठी त्यांच्याकडे दोनचार वाक्ये आहेत. ही बाजू जमिनीतून वाचावी लागते. डोंगराच्या कुशीत, कापूरवाडी आणि वडगावसारख्या गावांजवळ, झिरपणारे पाणी विहिरींत आणि तळ्यांत धरले जाई. तिथून पक्क्या भाजलेल्या मातीचे नळ चुन्याच्या बांधकामात बसवून शहरापर्यंत आणलेले होते. नगरला त्यांना खापरी नळ म्हणतात. उतार इतका बेताचा राखलेला की पाणी आपल्याच ओढीने वाहत येई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. नळात कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे आणि गाळ काढायला तिथूनच उतरता येई. शहरात हे पाणी हौदांत पडे, तिथून वाड्यांत, मशिदींत, हमामांत आणि बागांत जाई. निजामशाही स्थापत्यावर पुष्कर सोहोनी यांनी केलेल्या अभ्यासात राजवाडे आणि बागा यांच्याबरोबर पाण्याचाही विचार आहे, आणि तो असायलाच हवा. फराहबागेचा महाल मोठ्या तळ्याच्या मधोमध उभा आहे. नळ बंद पडला तर त्या महालाला अर्थच उरत नाही.

फराहबागेची हकीकत कागदांत आहे. मुर्तजा निजामशहाच्या काळात काम सुरू झाले, झालेले बांधकाम राजाला पसंत पडले नाही, ते पाडले गेले, आणि १५८३मध्ये सलाबतखानाने नवा महाल पुरा केला. हा सलाबतखान मुर्तजाचा कारभारी. राजा एकांतात गेला तेव्हा राज्य यानेच चालवले, आणि नगर सोडून गेलेल्या फिरिश्तानेही त्याच्या कारभाराचे चांगले लिहिले आहे. १५८९मध्ये तो वारला. शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर त्याची तीनमजली अष्टकोनी कबर आहे. सगळा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. लोकांचे चांदबिबीवरचे प्रेम मला समजते, मीही त्यात आहे. पण त्या डोंगराखालच्या भातोडीच्या तलावाचे श्रेय १८८४चे गॅझेटियर सलाबतखानालाच देते, आणि शहराच्या पाण्यासाठी इतके करणाऱ्या माणसाची कबर तरी त्याच्या नावाने ओळखली जायला हवी.

चांदबिबीचे मोठेपण त्या इमारतीवर अवलंबून नाहीच. १५९५च्या डिसेंबरात शाहजादा मुराद किल्ल्याखाली आला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना बातमी लागली आणि त्यांनी काही सुरुंगांतली दारू काढून घेतली. एक मात्र उडाला आणि तटाला खिंडार पडले. चांदबिबी चिलखत घालून, हातात उघडी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली, दिवसभराचे हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून भिंत पुन्हा चढवली. हे फिरिश्ता सांगतो. दारूगोळा संपल्यावर तिने तोफांत तांब्याची, रुप्याची, सोन्याची नाणी भरली, ही कथा सांगतो तो खाफीखान, शंभराहून अधिक वर्षांनंतर. पहिली गोष्ट जवळच्या काळातली, दुसरी दूरची. शाळेच्या पुस्तकांत दोन्ही एकाच वजनाने येतात, तसे व्हायला नको. १५९६च्या तहात वऱ्हाड गेला, शहर वाचले. १६००मध्ये शाहजादा दानियालच्या वेढ्यात ती मोगलांना फितूर झाल्याची अफवा उठली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. त्यानंतर काही दिवसांतच किल्ला पडला. बालराजा बहादुरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. राजधानी म्हणून नगरचे आयुष्य तिथे संपले.

राज्य मात्र मलिक अंबरने आणखी पाव शतक जगवले. १६१०च्या सुमारास त्याने खडकीला नवे शहर वसवले, आजचे छत्रपती संभाजीनगर. तेही डोंगरांच्या पायथ्याशी, आणि तिथेही डोंगरातले पाणी बंदिस्त नळांतून आणि उच्छ्वासांतून शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. हे काम करणारे कारागीर नगरचे होते असे सांगणारा कागद नाही. पण नगरच्या नळांचे पाणी प्यायलेल्या सरदाराला ही पद्धत नव्याने शोधावी लागली नसेल, इतके अनुमान मी निःशंकपणे करतो.

१६२४मध्ये हाच अंबर भातोडीला मोगल आणि आदिलशाही फौजांसमोर उभा राहिला. त्याने तलावाचे पाणी शत्रूच्या तळाकडे सोडले, जमिनीचा चिखल केला, वाटा बंद केल्या आणि रात्रीचे छापे घालून उपाशी फौजेला हैराण केले. लढाईत आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचे वर्णन आहे, कारण तीत शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी निजामशाहीच्या बाजूने लढले आणि शरीफजी तिथे पडले. फारसी आणि संस्कृत, दोन वेगळ्या परंपरांचे लेखक एकाच तळ्याकाठच्या लढाईवर येऊन मिळतात, असे या इतिहासात फार वेळा घडत नाही.

नऊ वर्षांनी शहाजीराजांनी पेमगिरीच्या गडावर, म्हणजे याच जिल्ह्याच्या संगमनेर भागातल्या डोंगरावर, निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवले. १६३६मध्ये माहुलीला त्यांना तो मोगलांच्या हवाली करावा लागला आणि निजामशाही बुडाली. त्यानंतर नगर मोगलांकडे, १७५९मध्ये पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे आणि ऑगस्ट १८०३मध्ये वेलस्लीकडे गेले. भातोडीचा तलाव इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात दुरुस्त करून पुन्हा शेतीच्या कामी आणला. १८८४च्या गॅझेटियरमध्ये शहराच्या पाण्याची नोंद करणाऱ्याला जुन्या खापरी नळांचीच गावागणिक हकीकत लिहावी लागली.