रक्त, घर आणि हजेरीची वही

गुन्हेकथेत खून कोणी केला याचा उलगडा शेवटच्या प्रकरणात होतो. मारणारा माणूस असा का निपजला, हा प्रश्न मात्र पुस्तक मिटल्यावरही उरतो. त्याला आजवरच्या लेखकांनी प्रायः दोनच उत्तरे दिली आहेत. एक, दुष्टपणा त्याच्या रक्तातच होता. दुसरे, घराने, आईबापांनी त्याला तसा घडवला. पांढरपेशा वाचकाला ही करमणुकीतली चर्चा वाटते. परंतु या देशात असे समाज होते की ज्यांच्याबाबत हाच प्रश्न सरकारने कायद्यात विचारला आणि त्यांच्या पोरांच्या जन्माआधीच उत्तर लिहून ठेवले. म्हणून या प्रश्नाचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

आरंभ ठगांच्या कथेपासून करावा लागतो. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम चालवली, तेव्हा १८३६ साली एक कायदा झाला. त्या कायद्याने आरोपीने अमुक एक खून केला हे सिद्ध करण्याची गरज संपवली. तो ठगांच्या टोळीतला आहे एवढे ठरले की जन्मठेप. १८३९ साली फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली आणि इंग्लंडात गाजली. टेलर निजामाच्या नोकरीत होता. पुढे नळदुर्गाकडचा कारभारही त्याने पाहिला. मराठवाड्याला हे नाव परके नाही.

या कादंबरीचा नायक अमीर अली शेकडो माणसांचे गळे आवळतो. पण तो ठगाच्या पोटी जन्मलेला नाही. त्याच्या आईबापांना ठगांनीच मारले आणि त्यांच्यातल्या इस्माईल नावाच्या ठगाने त्या पोराला मुलगा म्हणून वाढवले. पुढे अमीर अली एका बाईला मारतो आणि ती आपली सख्खी बहीण होती हे त्याला फार उशिरा कळते. म्हणजे टेलरच्याच कथेप्रमाणे ठगपणा रक्तात नाही, शिकवणुकीत आहे. सरकारची समजूत मात्र ठगी पिढीजात असते अशीच पक्की होत गेली. जबलपूरला ठगांसाठी उद्योगशाळा काढली आणि त्यांच्या पोरांनाही तिथे अडकवून ठेवले. पोरांचा गुन्हा एकच, बाप.

ही समजूत १८७१ साली कायद्याच्या पोटात गेली. गुन्हेगार जमाती कायदा त्या वर्षी प्रथम उत्तर हिंदुस्थानात आला, १८७६ मध्ये बंगालला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई-मद्रासकडे पसरला. कायदा मांडताना जो युक्तिवाद झाला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा चोराचा मुलगा चोर होणार, कारण चोरी हीही एक जात आहे! वर्णव्यवस्थेने माणसाचा धंदा जन्मावर बांधला होता. इंग्रजाने त्याच दोरीने गुन्हाही जन्माला बांधला. दोर मनूचा आणि गाठ साहेबाची.

इथे एका तारखेकडे लक्ष वेधतो. ‘जन्मजात गुन्हेगार’ हा सिद्धांत युरोपात रुजवला तो लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने. कवटी, जबडा, कान मोजून तो गुन्हेगार ओळखू पाहत होता. त्याचा ग्रंथ निघाला १८७६ साली, म्हणजे आपल्याकडचा कायदा होऊन पाच वर्षे लोटल्यावर. युरोपला जी गोष्ट सांगायला निदान कवट्या मोजण्याचे सोंग करावे लागले, ती आपल्याकडे जातीचे नाव विचारून भागत होती.

कायद्याची रीत अशी. जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की माणसांची नावे वहीत चढायची. ठरल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचे तर पास घ्यायचा. नंतर बोटांचे ठसे आले आणि तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट आल्या. सोलापूरची सेटलमेंट आपल्या माहितीतली आहे. तिथली माणसे गिरण्यांत राबली आणि रात्री कुंपणात परतली. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची सोय केली.

इथे सरकारचे तर्कशास्त्र पाहावे. गुन्हा रक्तात असेल तर मूल आईपासून तोडून काय साधणार? आणि गुन्हा घराच्या वळणाने येत असेल, तर रांगत्या मुलाला जन्मतःच गुन्हेगार जमातीत धरायचे कशाला? दोन्ही उत्तरे एकमेकांना छेद देणारी आहेत. सरकारने दोन्ही एकाच वेळी वापरली. रक्ताचे उत्तर हजेरीसाठी, घराचे उत्तर मूल हिरावण्यासाठी. कारण सरकारला खऱ्या उत्तराची गरजच नव्हती. रानावर, मिठावर, बैलांच्या पाठीवरून चालणाऱ्या मालाच्या व्यापारावर जगणाऱ्यांच्या पोटाचे साधन जंगल-कायद्याने, मिठाच्या कायद्याने आणि आगगाडीने काढून घेतले होते. तो हिशेब कोणी मागू नये, एवढीच गरज होती.

इंग्रजी साहित्यात त्याच काळात हीच समजूत सभ्य पोशाखात वावरत होती. डिकन्सचा ऑलिव्हर ट्विस्ट अनाथगृहात जन्मतो, चोरांच्या टोळीत सापडतो, तरी त्याच्या बोलण्यावागण्याला चिखल लागत नाही. शेवटी तो भल्या घरच्या रक्ताचा निघतो. कॉनन डॉयलच्या बास्करव्हिल्सच्या कथेत खुनी ओळखू येतो तो भिंतीवरच्या पूर्वजाच्या तसबिरीवरून. त्या दुष्ट पूर्वजाचा चेहरा वंशजात उतरलेला असतो. डिकन्सने अनाथगृहाच्या क्रौर्यावर कोरडे ओढले हे खरेच. तरीही अनाथगृहात जन्मलेले, कोणत्याच भल्या घराचे नसलेले पोर त्याला नायक म्हणून पुरले नाही. आपल्याला हे नवे नाही. कर्णाचे मोठेपण सांगणाऱ्यांनाही तो अखेर कुंतीचा पुत्र ठरवावा लागला. सूताच्या घरचा सूतच एवढा मोठा असेल, हे पचणारे नव्हते.

याच पार्श्वभूमीवर १९५१ चा ‘आवारा’ पाहावा. ख्वाजा अहमद अब्बास आणि आपले वि. प. साठे यांची ती कथा. मुंबई राज्याने गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये रद्द केला होता, केंद्राने तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी केला. त्या दोन तारखांच्या मध्ये हा चित्रपट आला. त्यातल्या न्यायाधीश रघुनाथाची श्रद्धा अशी की भल्याचा मुलगा भला आणि चोराचा चोर. या श्रद्धेपोटी त्याने जग्गाला न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा दिलेली असते, कारण जग्गाचे बापआजे दरोडेखोर होते. जग्गा खरोखरचा डाकू होतो आणि सूड म्हणून रघुनाथाची बायको पळवतो. ती परत येते, पण गरोदर म्हणून रघुनाथ तिला घराबाहेर काढतो. तिचा मुलगा राज झोपडपट्टीत वाढतो, भाकरीपायी तुरुंगात जातो, जग्गाच्या हाताखाली चोर बनतो. न्यायाधीशाचा सिद्धांत त्याच्याच रक्ताने खोटा पाडला.

हा चित्रपट मोलाचा आहे यात शंका नाही. ज्या सिद्धांतावर लाखो माणसे हजेरी देत होती, त्याला भर न्यायालयात उभे करण्याचे धैर्य त्याने दाखवले. पण आपण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. राज हा जग्गाचाच मुलगा असता तर? तर प्रेक्षक रडला असता काय? चित्रपटाने सिद्ध केले ते एवढेच की भल्याचे पोरही वाईट परिस्थितीत चोर होते. चोर ठरवलेल्याचे पोर भले असू शकते, हे सिद्ध करायचे राहूनच गेले. वास्तविक त्याचा पुरावा कथेतच होता. तरुण जग्गा निर्दोष होता! त्याच्यावरच्या अन्यायाने सारी कथा सुरू होते आणि त्याचा न्याय न होताच तो मरतो. न्यायाधीशाच्या मुलासाठी वकील उभी राहते, जग्गासाठी कोणी उभे राहत नाही.

१९७५ चा ‘दीवार’ नकळत एक पाऊल पुढे गेला. एकाच आईचे दोन मुलगे. एक स्मगलर, दुसरा पोलीस अधिकारी. रक्त एक, घर एक, संस्कार एक. मग फरक कशाने पडला? थोरल्याच्या हातावर गोंदले गेले की त्याचा बाप चोर आहे. ते आईने गोंदले नाही. बाहेरच्या माणसांनी पोराला धरून गोंदले. आणि धाकट्याने शाळेत जावे म्हणून थोरल्याने बूटपॉलिश केले. लेखक सलीम-जावेद यांच्या मनात विमुक्तांचा विचार असेल असे मी म्हणत नाही. पण हातावरचे ते गोंदण म्हणजे हजेरीची वहीच होय. रक्त आणि घर यांच्या पलीकडचा तिसरा आरोपी इथे क्षणभर दिसतो : शिक्का मारणारा हात.

तो तिसरा आरोपी नावानिशी पकडला तो आपल्या लेखकांनी. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण होऊन. फकिरा लुटतो, पण दुष्काळात उपाशी माणसांसाठी लुटतो. त्याला घराने घडवले हे खरे; बापाच्या मरणाने आणि आईच्या करारीपणाने घडवले. पण त्या घराने दिला तो स्वाभिमान होता. सरकारी वहीत त्याचे नाव गुन्हा.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीने गौरवले. ‘उचल्या’चे मोल या प्रश्नासाठी फार आहे, कारण ते घराला सोडून देत नाही. पोरांना हातचलाखी शिकवली जाते, मार खाऊनही नाव फुटू नये म्हणून आपलेच लोक त्यांना मारून तयार करतात, हे लेखक लपवत नाही. आपल्यातल्या काही मित्रांना असे लिहिणे अडचणीचे वाटते. शत्रूच्या हाती कोलीत दिले, असे ते म्हणतात. मला हे मान्य नाही. घर घडवते, हे खरेच आहे. पण मार सोसण्याची ही शाळा काढावी लागली कोणासाठी? पोलीस मारणार हे ठरलेले होते म्हणून. ज्या घराला जमीन नाही, गाव नाही, काम नाही आणि रात्री दारावर लाथ ठरलेली आहे, ते घर पोराला दुसरे काय शिकवणार? घर साक्षीदार आहे. त्यालाच आरोपी करून खटला संपवता येणार नाही.

बाबासाहेबांनी ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाच खटला योग्य जागी नेला. गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य अशी कोट्यवधी माणसे जिने निर्माण केली, त्या संस्कृतीला संस्कृती म्हणायचे काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी त्या जमातींचे रक्त तपासले नाही, त्यांच्या आयांना बोल लावला नाही. त्यांनी घडवणाऱ्या व्यवस्थेला कठड्यात उभे केले.

कायदा गेला तरी समज गेली नाही. ‘सराईत गुन्हेगारां’चे नवे कायदे आले आणि जुन्या वहीतली नावे सहज नव्या वहीत उतरली. १९९८ साली बंगालात पुरुलियाच्या बुधन शबर या विमुक्त तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर भटक्या जमातींच्या माणसांत पळून जाण्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते, असे छापील वाक्य टिकून होते. जातीवरून कामे वाटणाऱ्या आणि असा शिक्का मारणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवल्या. १८७१ पासून मोजले तर एकशे त्रेपन्न वर्षे झाली.

आज गुन्हेकथा पूर्वीहून अधिक लिहिली जाते, अधिक पाहिली जाते. तिच्यातला खुनी बहुधा बिघडलेल्या घरातून येतो आणि त्या घराचा पत्ता बहुधा वस्तीचा असतो. आपल्या तरुण लेखकांनी हा प्रकार हलका म्हणून सोडून देऊ नये. त्यांनी तो लिहावा, आणि लिहिताना घराची झडती जरूर घ्यावी. मात्र ती संपल्यावर पोलीस ठाण्यातली ती वहीही उघडावी. त्या पोराचे नाव तिच्यात कोणत्या वर्षी चढले आणि पहिली चोरी कोणत्या वर्षी झाली, या दोन तारखा शेजारी शेजारी मांडाव्यात. कोणती तारीख आधीची आहे, ते वाचकाला दिसेल.