नाउस

नाउस : प्राचीन ग्रीक भाषेतील ‘जहाज’ या अर्थाचे स्त्रीलिंगी नाम. संस्कृत ‘नौ’ आणि लॅटिन ‘नाविस’ ही त्याची सख्खी भावंडे. मराठीतील ‘नाव’ही याच कुळातील.

अथेन्सच्या गद्यात नाउस म्हणजे बहुधा युद्धनौका. मालवाहू जहाजाला ‘प्लोइओन’ म्हणत. आकारावरून ‘लांब’ म्हणजे लढाऊ आणि ‘गोल’ म्हणजे व्यापारी, असाही भेद होता. इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसला इराणी आरमाराशी झुंजलेल्या ग्रीक ताफ्यात मुख्यतः ट्रायरीम होत्या. अशा नौकेवर तीन थरांत सुमारे १७० वल्हेकरी बसत.

या नामाची रूपे अनियमित समजली जातात आणि विद्यार्थी ती घोकून पाठ करतात. संस्कृत रूपे शेजारी मांडली की त्यांतील शिस्त लख्ख दिसते. अथेन्सच्या बोलीतील एकवचन असे : प्रथमा नाउस्, द्वितीया नाउन्, षष्ठी नेओस्, चतुर्थी नेई. षष्ठीचे मूळ रूप ‘नावोस्’, म्हणजे संस्कृतातील ‘नावः’. ग्रीकमधून ‘व’ हा ध्वनी गळाला, ‘आ’चा ‘ए’ झाला आणि पुढे अथेन्समध्ये लगतच्या दोन स्वरांनी आपले ऱ्हस्वदीर्घत्व आपसांत बदलले; त्यातून नेओस् उरले. नेई या रूपाला ग्रीक व्याकरण चतुर्थी म्हणते, पण त्यातील ‘इ’ हा प्रत्यय मुळात सप्तमीचा आहे : संस्कृत ‘नावि’. द्वितीयेत मात्र होमरची भाषा अधिक जुनी. तिच्यातील ‘नेआ’ थेट ‘नावम्’शी जुळते, नाउन् हे प्रथमेच्या धर्तीवर नंतर घडलेले रूप आहे.

सर्वांत मोलाचे रूप होमरमधील ‘नाउफि’. ग्रीकमध्ये तृतीया ही स्वतंत्र विभक्ती उरली नाही, पण ‘-फि’ हा प्रत्यय ‘नौभिः’मधील ‘-भिः’चा नातलग आहे. होमर तो ‘जहाजांपासून’ अशा पंचमीच्या अर्थानेही वापरतो.

नाउतेस (खलाशी), नाउमाखिआ (आरमारी लढाई), नाउतिआ (बोट लागणे) हे यापासून झालेले शब्द. शेवटचा लॅटिनमार्गे इंग्रजीत जाऊन मळमळीचा ‘नॉशिया’ झाला.

पुढील काळात प्लोइओनने नाउसला मागे टाकले. बायबलच्या नव्या करारात प्लोइओन वारंवार येतो, नाउस एकदाच : ‘प्रेषितांची कृत्ये’च्या २७व्या अध्यायात, पौलाचे जहाज रुतते त्या ठिकाणी.