घास आणि अंगण

दिवाळीच्या फराळाच्या ताटापुढे आहारसुधारणेची गोष्ट काढणे म्हणजे रसभंगच. पण ही गोष्ट घोलवडची आहे आणि चिकूपासून सुरू होते, म्हणून वाचक क्षमा करतील.

घोलवड हे पश्चिम रेल्वेवरचे लहानसे स्टेशन. भोवती चिकूच्या वाड्या. चिकू हा मूळचा अमेरिकेतला पाहुणा. पण या किनाऱ्यावर तो असा रुळला, की २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. वाड्या मागे टाकून पूर्वेच्या डोंगरांकडे वळले, की वारल्यांचे पाडे लागतात. तेथला घासाचा इतिहास निराळा आहे.

वारल्यांचे मूळचे जेवण साधे, पण हिणकस नव्हे. नाचणीची भाकरी, आंबील, भात, ओढ्यातली मासळी, खेकडे, पावसाळ्यातल्या रानभाज्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते १० च्या आसपास. तेव्हा उणीव होती ती शहाणपणाची नव्हे, धान्याची. पावसाळ्यात कणगी रिकामी होई. मग सावकाराकडून ‘खावटी’ उचलावी आणि सुगीला ती दीडपटीने फेडावी. पिकवलेले खळ्यावरूनच परस्पर जाई. मग कडू कंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून, त्यांवर दिवस काढावे लागत. अशा माणसाला चौरस आहाराचा उपदेश करणे ही थट्टाच होय.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या त्या मेळाव्यात वेठ न करण्याचा आणि दिवसाला १२ आणे मजुरी मिळाल्यावाचून कामाला न जाण्याचा निर्धार झाला. आहाराच्या इतिहासात ही तारीख सहसा कोणी घालत नाही. माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात घोलवडशेजारच्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी काढली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणातही पोचली. उपदेश करणाऱ्याने आधी समोरच्याच्या दारी जावे, एवढेच त्यामागचे साधे सूत्र. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली. अंगणवाडी हे नाव घरोघरी गेले आणि त्या अंगणात पूरक आहार शिजू लागला. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळू लागले. तरीही पालघरच्या पाड्यांवरून कुपोषण अजून हटलेले नाही.

आपल्या घरी मात्र धान्याची टंचाई नाही. टंचाई आहे ती साध्या अन्नाविषयीच्या आदराची. ‘गरिबाचे धान्य’ म्हणून नाचणी आपणच स्वयंपाकघरातून बाहेर काढली. फराळाचे डबे रिकामे झाले, की सकाळी आंबील करून पाहावी, जेवणात रोज एक पालेभाजी असावी, आणि मधल्या वेळी बिस्किटाऐवजी मुलांच्या हातावर चिकू ठेवावा. तो ठेवताना, ज्याने तो झाडावरून उतरवला त्याच्या ताटात आज काय आहे, हेही मुलांना विचारू द्यावे.