नवा फोन, जुना राउटर : जोडणी कुठे अडते?

नवा फोन जुन्या राउटरचे वायफाय पकडत नसेल, तर 'राउटर जुना झाला' एवढे निदान पुरत नाही. 802.11एन हे मानक 2009 सालचे; त्यावर चालणारे ॲक्सेस पॉइंट आजच्या फोनला चालायलाच हवेत, कारण मागच्या पिढीशी बोलण्याची सोय नव्या मानकांमध्ये राखलेली आहे. तेव्हा शोधायचे ते हे, की जोडणी कोणत्या पायरीवर अडते. आधी नेटवर्क दिसते, मग ॲक्सेस पॉइंट (राउटरमधला वायफाय पुरवणारा भाग) फोनला आत घेतो, मग किल्ली जुळते आणि शेवटी आयपी पत्ता मिळतो.

नेटवर्क यादीतच येत नसेल तर पासवर्ड पुन्हा पुन्हा घालून उपयोग नाही, चॅनल पाहावा. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात 1 ते 13 चॅनल चालतात, अमेरिकेत सहसा 11 पर्यंतच. तिकडून कुणी आणलेल्या फोनला 12 किंवा 13 वरचे नेटवर्क दिसेलच असे नाही. राउटरमध्ये 'ऑटो' काढून 1, 6 किंवा 11 ठेवावा.

नाव दिसते, पण जोडायला गेले की लगेच नकार मिळतो, तेव्हा राउटरमधला मॅक फिल्टर, म्हणजे परवानगी असलेल्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी, तपासावा. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन आपला खरा मॅक पत्ता न देता त्या नेटवर्कपुरता यादृच्छिक पत्ता देतात. फिल्टरच्या यादीत खरा पत्ता नोंदवलेला असेल तर राउटर या फोनला परका समजतो. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कसाठी खरा पत्ता वापरण्याची सोय असते. माझ्या मते फिल्टरच काढून टाकावा. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो, त्यामुळे कुणालाही त्याची नक्कल करता येते.

सर्वांत फसवा संदेश 'पासवर्ड चुकीचा' हा. मुळात डब्ल्यूपीए-2 या वायफाय सुरक्षा पद्धतीत पासवर्ड हवेतून जातच नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव यांवर 4096 वेळा गणिती प्रक्रिया करून दोन्ही बाजू आपापली मूळ किल्ली तयार करतात, आणि ती सारखीच आहे याची खात्री चार निरोपांत करून घेतात. पहिला निरोप ॲक्सेस पॉइंटचा. दुसऱ्यात फोन आपला पडताळा पाठवतो. तो जुळला नाही तर ॲक्सेस पॉइंट काही न सांगता निरोप टाकून देतो. तिसरा निरोप आला नाही एवढेच फोनला कळते आणि त्यावरून तो पासवर्डवर ठपका ठेवतो. सिग्नल क्षीण असला किंवा फर्मवेअरमध्ये दोष असला, तरी हाच संदेश येऊ शकतो.

याच पायरीवर 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-2 मिश्र' ही सेटिंग घोळ घालते. तिच्यात एईएस या सांकेतिकरणाबरोबर जुने टीकेआयपीही चालू राहते. टीकेआयपी ही 2003 च्या सुमारास जुन्या यंत्रांसाठी काढलेली तात्पुरती सोय होती. मिश्र पद्धतीत फोनचा स्वतःचा डेटा एईएसने बंदिस्त होतो. पण सर्वांना उद्देशून जाणारे निरोप सर्वांत जुन्या यंत्रालाही कळावेत म्हणून टीकेआयपीनेच पाठवले जातात. शिवाय टीकेआयपीचा एक कडक नियम आहे : 60 सेकंदांत पडताळ्याच्या दोन चुका झाल्या, की ॲक्सेस पॉइंटने टीकेआयपीच्या जोडण्या तोडून 60 सेकंद नव्या घ्यायच्या नाहीत. नेट मिनिटभर जाते आणि आपोआप परत येते, अशी तक्रार असेल तर हा संशय जरूर घ्यावा. निव्वळ टीकेआयपी ठेवले तर 802.11एनचा वेगही मिळत नाही, गाडी 54 मेगाबिटवर अडकते. टीकेआयपी चालू असलेल्या नेटवर्कच्या नावाखाली आयफोन 'कमकुवत सुरक्षा' असा इशारा देतो, तो टीकेआयपीमुळेच. उपाय म्हणजे 'डब्ल्यूपीए-2 पीएसके, फक्त एईएस'. बदल केल्यावर फोनमधले जुने नेटवर्क 'फर्गेट' करून नव्याने जोडावे. पासवर्ड काढून नेटवर्क उघडे ठेवणे हा मार्ग मात्र कुणीही धरू नये.

'आयपी पत्ता मिळवत आहे' यावर फोन थांबला, तर किल्ली जुळलेली आहे. राउटरकडचे वाटायचे पत्ते संपले आहेत का, ते पाहावे.

मार्च 2006 पासून वायफाय प्रमाणपत्रासाठी डब्ल्यूपीए-2 सक्तीचे झाले. त्याआधीच्या एखाद्या राउटरमध्ये फक्त डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी सुरक्षा पद्धत आणि टीकेआयपीच असतील आणि फर्मवेअरही नवे मिळत नसेल, तर त्याचे वायफाय बंद करावे आणि त्याच्या लॅन पोर्टला केबलने नवा ॲक्सेस पॉइंट जोडावा.